जळकं ऑइल, करंजेल आणि स्टँडवरची काळी

तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. गावातल्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळी सकाळी एक व्हिडिओ आला. एसटी स्टँडच्या मागे रसवंतीजवळ जी काळी कुत्री असते, स्टँडवर चहा घेणाऱ्या प्रत्येकाला ती माहीत आहे, तिला दोन पोरं धरून बसलीत आणि तिसरा डब्यातून तिच्या अंगावर काहीतरी ओततोय. ते होतं गॅरेजमधलं जळकं ऑइल. खाली अंगठे, जोडलेले हात, 'पुण्याचं काम', 'मुक्या जिवाचा दुवा लागेल'. एकानं तर 'ह्या पोरांचा सत्कार व्हायला पाहिजे' असंही लिहिलं.

काळीला लूत लागली होती हे खरं आहे. होळीच्या आसपास कानाच्या कडा आणि कोपरं उघडी पडली, मग पोट, मग पाठ. महिन्याभरात तिच्या अंगावर केस कमी आणि खपल्या जास्त, अशी अवस्था. हॉटेलवाले हाकलायचे, पोरं दगड मारायची, दोन जणांनी तर मला 'कुत्रं पिसाळलंय, बातमी लावा' म्हणून फोन केला. (लूत लागलेलं कुत्रं आणि पिसाळलेलं कुत्रं ह्यात काही संबंध नाही. पण केस गेलेलं, खपल्या धरलेलं जनावर दिसलं की माणूस घाबरतो, आणि घाबरला की आधी काठी शोधतो. गावात सगळ्यात जास्त मार अशीच कुत्री खातात.)

मी ग्रुपवर भांडलो नाही. इतक्या वर्षांत एवढं कळलंय की ग्रुपवर भांडलं की फक्त ग्रुप सोडावा लागतो, बाकी काही होत नाही. गाडी काढली आणि सरळ गॅरेजवर गेलो.

ऑइल ओतणारा पोरगा एकोणीस-वीस वर्षांचा. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "दादा, औषधच केलंय की. आमच्या आज्यानं म्हशीला पण हेच लावलं होतं. लूत जातीय ह्यानं." मी म्हणालो, अरे, विष आहे ते. तर तो शांतपणे म्हणाला, "मग काय लावायचं, ते सांगा की."

ही पोस्ट त्या प्रश्नाचं उत्तर आहे. कारण त्या वेळी मला ते नीट देता आलं नाही.

आधी जळक्या ऑइलचं सांगतो. ते लावल्यावर फरक पडल्यासारखा वाटतो, हे खोटं नाही. लूत म्हणजे कातडीत राहणारे बारीक किडे, डोळ्यांना न दिसणारे. दाट तेलाचा थर बसला की त्यातले काही गुदमरतात, खाज काही काळ थांबते, कुत्रं निवांत पडतं आणि लोक म्हणतात, बघा, आराम पडला. पण इंजिनात फिरून आलेल्या त्या ऑइलमध्ये झिजलेल्या धातूंचे कण असतात, जळालेल्या इंधनाचे अंश असतात. आधीच सोललेल्या कातडीतून ते आत जातं. आणि कुत्रं काय करतं? चाटतं. औषधाच्या बाटलीवर 'फक्त बाह्य वापरासाठी' असं छापलेलं असतं ना, कुत्र्याच्या बाबतीत तसं काही नसतंच. अंगाला लावलेलं प्रत्येक औषध दोन तासांत त्याच्या पोटात असतं. त्यात आपल्याकडचं ऊन. काळं तेल फासलेलं जनावर दुपारी सावलीत पडलं तरी भाजून निघतं. रॉकेल, फिनेल, डिझेल, सगळ्यांची कथा हीच.

काळीला आम्ही चौघांनी त्याच दिवशी धुतलं. आधी डाळीचं पीठ चोळून ऑइल टिपून घेतलं, मग भांडी घासायच्या लिक्विडने तीन वेळा, कोमट पाण्याने. चौघांपैकी एक तो गॅरेजवाला पोरगाच होता, हे इथे मुद्दाम लिहितो. ज्यांना त्याचा सत्कार करायचा होता त्यांच्यापैकी कुणी आलं नाही.

धुता धुता पोराच्या त्या 'आज्या'चा विचार डोक्यातून जाईना. कारण माझ्याही आजोबांकडे एक औषध होतं. आमच्या वाड्यात शेळ्या होत्या, बैल होते, आणि राखणीला एक खंड्या नावाचा कुत्रा होता. खंड्याला खाज सुटली की आजोबा करंजेल काढायचे. त्या वेळी ओढ्याच्या काठाने करंजाची झाडं होती, बायका शेंगा गोळा करायच्या, घाण्यावर तेल निघायचं. तांबूस, कडू, वास असा की चार दिवस ओसरीवर राहायचा. मला आठवतंय ते एवढंच, की आजोबा करंजेल लावायचे आणि खंड्या बरा व्हायचा.

परवा हे आईला सांितलं तर ती म्हणाली, "नुसतं करंजेल नव्हतं रे. त्यात गंधक खलायचे. मला खल धुवायला लागायचा, हाताचा वास जात नसायचा."

गंधक! आणि तिथे माझी ट्यूब पेटली. गंधक ही काही वनस्पती नाही, खनिज आहे, आणि खरजेच्या किड्यांवरचं ते जगातल्या सगळ्यात जुन्या आणि आजही वापरात असलेल्या औषधांपैकी एक आहे. माणसांच्या खरजेसाठी गंधकाचं मलम आजही दिलं जातं. कुत्र्या-मांजरांच्या लुतीसाठी चुना आणि गंधकाचं द्रावण पशुवैद्यकात आजही वापरतात. म्हणजे आजोबांच्या औषधातला किडे मारणारा मुख्य गडी बहुतेक गंधक होता आणि करंजेल त्याला कातडीपर्यंत नेणारं, खपली मऊ करणारं, खाज शमवणारं. दोघांचं मिळून ते औषध होतं.

आता बघा काय झालं ते. आजोबांच्या पिढीला माहीत होतं करंजेल आणि गंधक. आमच्या पिढीच्या लक्षात राहिलं, 'तेल लावायचं'. ओढ्याकाठचे करंज गेले, घाणा बंद पडला, करंजेल काष्ठौषधीच्या दुकानात बाटलीतून मिळायला लागलं आणि महाग झालं. मग पुढच्या पिढीने विचार केला, काळपट, वासाचं, दाट तेल पाहिजे ना? गॅरेजमध्ये फुकट आहे. करंजेलापासून जळक्या ऑइलपर्यंतचा हा प्रवास दोन पिढ्यांत झालाय आणि त्याला आपण 'परंपरागत उपाय' म्हणतोय. पोराची चूक एवढीच की आज्याकडून त्याच्यापर्यंत जे आलं ते अर्धं गळून आलं.

आता माझी स्वतःची चूक सांगतो, नाहीतर हे सगळं दुसऱ्यांना शहाणपण शिकवल्यासारखं होईल.

आठ-नऊ वर्षांपूर्वी मी एका दैनिकाच्या साप्ताहिक पुरवणीचं पान लावायचो. पान भरायला मजकूर कमी पडला की घरगुती उपाय टाकायचे, ही त्या वेळची रीत. एका आठवड्यात 'कुत्र्याच्या चमकदार केसांसाठी घरगुती उपाय' असा तुकडा मी इकडून तिकडून जमवून लिहिला. त्यात एक उपाय होता, पिसवा आणि गोचिडांसाठी सीताफळाच्या बियांची पूड तेलात मिसळून लावा. आमचा हा बालाघाटचा डोंगर, सीताफळाला काय कमी? डोक्यातल्या उवांना बायका ती पूड लावतात हे मी लहानपणापासून ऐकलेलं. बिनधास्त छापलं.

पंधरा दिवसांनी एक शेतकरी पामेरियन जातीचं कुत्रं टॉवेलमध्ये गुंडाळून ऑफिसात आला. पूड लावल्यावर कुत्र्याने पंजाने तोंड खाजवलं, पूड डोळ्यात गेली. एक डोळा पांढरा पडला होता. त्या माणसाने आवाजही चढवला नाही. पेपरचं कात्रण टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "तुमीच लिवलं होतं ना?"

सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते. माणसांच्या बाबतीतही उवांसाठी ही पूड लावताना डोळे दुखावल्याचे प्रकार आपल्या देशातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी नोंदवलेले आहेत. मी ते लिहिण्याआधी एका तरी डॉक्टरला विचारलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं. विचारलं नाही, कारण मला वाटलं झाडपाल्याचं औषध आहे, फायदा झाला तर झाला, तोटा काय होणार? पुढच्या अंकात दोन ओळींचा खुलासा छापला. त्या कुत्र्याचा डोळा काही आला नाही.

'झाडपाल्याने तोटा काय होणार' हे वाक्य मी तेव्हापासून तोंडातून काढत नाही. गुरांच्या गोचिडांना तंबाखूचं पाणी मारतात. तंबाखूही झाडच आहे आणि त्यातलं निकोटिन कुत्र्याला मारू शकतं. कोरफडीचा आतला गर शांत करणारा, पण सालीखालचा पिवळा चीक पोटात गेला की जुलाब. निलगिरीचं तेल, कापूर घातलेलं तेल, आणि सध्या ऑनलाइन मिळणारं ते टी ट्री ऑइल, हे माणसाच्या अंगाला चालतं म्हणून कुत्र्याला चोळतात. कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते आणि वर ते चाटतं. कुणी जेवणातून लसूण चारतात, गोचिडं पळतात म्हणून. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात.

दुसऱ्या टोकाला आमचे काही सुशिक्षित मित्र आहेत. त्यांना कडुलिंब म्हटलं की हसू येतं. त्यांनाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत. कडुलिंबाचा पाला आणि हळद वाटून केलेला लेप खरूज झालेल्या ८१४ माणसांना लावून पाहिल्याचा एक अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झालेला आहे. तीन ते पंधरा दिवसांत ९७ टक्के लोक बरे झाले, अशी त्यात नोंद आहे. प्राथमिक स्वरूपाचा अभ्यास होता आणि तो माणसांवरचा होता, कुत्र्यांवरचा नाही, हे मान्य. पण हसून सोडून देण्यासारखा तो नाही. किड्याचं कूळ तर एकच आहे, माणसाच्या खरजेचा आणि कुत्र्याच्या लुतीचा किडा हे एकाच जातीचे वेगवेगळे प्रकार आहेत.

दुसरी गोष्ट पेटंटची. अमेरिकेत १९९५ साली हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिलं गेलं होतं. आपल्या सीएसआयआरने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिथे महासंचालक असताना, त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं. कडुलिंबाच्या तेलापासून केलेल्या बुरशीनाशकाचं पेटंट युरोपच्या पेटंट कार्यालयाने २००० साली रद्द केलं, २००५ मध्ये अपीलही फेटाळलं. आपण छाती फुगवून ह्या गोष्टी सांगतो, शाळेत भाषणं होतात. पण हळदीची लढाई जिंकली कशावर? 'आमच्या आज्या लावायच्या' एवढ्या बोलण्यावर नाही. जुन्या ग्रंथांत, जुन्या नियतकालिकांत लिहून ठेवलेलं होतं, ते कागद समोर ठेवले म्हणून. लिहिलेलं होतं म्हणून ते टिकलं. आजोबांचं गंधक कुणी लिहून ठेवलं नाही, म्हणून ते गळालं.

आणि जनावरांच्या बाबतीत लिहून ठेवता येतं, हे सिद्ध झालेलं आहे. गाईच्या स्तनदाहासाठी कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम, हा लेप राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ शेतकऱ्यांना शिकवतं. वजनासकट, किती वेळा आणि किती दिवस लावायचं त्यासकट. म्हणजे गाईसाठी झाडपाल्याचं औषध वजनकाट्यावर आलं. का? कारण गाय दूध देते. कुत्र्याच्या नशिबी मात्र फॉरवर्ड.

दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री असतात, बघितलीत? एकाच्याही अंगावर खपली नाही. खंडोबाच्या घोड्यासोबतचं कुत्रंही कसं तुकतुकीत. आपण त्या तसबिरीला हार घालतो आणि खाली उतरून पायरीवरच्या कुत्र्याला चप्पल फेकतो. असो.

तर, काय लावायचं?

काळीला धुतल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही तिला पोत्यावर बसवून, तोंडाला पट्टी बांधून, रिक्षाने सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं. डॉक्टरांकडे दोन दवाखान्यांचा चार्ज, बाहेर गाभण म्हैस, एक शेळी, एक बैल. त्यांनी म्हैस आधी घेतली आणि ते बरोबरच होतं. दीड तासाने आमचा नंबर लागला. त्यांनी एक ब्लेड घेतलं, काळीच्या कानाची कड हलकेच खरवडली, काचेवर तेलाच्या थेंबात ते खरवडलेलं टाकलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. मला म्हणाले, या, बघा. बघितलं तर आठ पायांचे गोल गोल किडे वळवळत होते. सगळं मिळून दहा मिनिटं.

ह्या दहा मिनिटांवर सगळा खेळ आहे. कारण कुत्र्याचे केस जाण्याची कारणं एक नाहीत. काळीला झाली ती लूत एका कुत्र्याकडून दुसऱ्याला लागते आणि माणसालाही काही दिवस खाज देते. दुसरी एक लूत असते, तिचे किडे लांबट, केसांच्या मुळाशी राहतात. ते जवळजवळ प्रत्येक कुत्र्याच्या अंगावर थोडे असतातच, पण जनावर अशक्त झालं की वाढतात. ती माणसाला लागत नाही. गजकर्ण असलं तर ती बुरशी, आणि ती माणसाला नक्की लागते. गोचिडातून ताप आलेला असला तर वरून काहीही लावा, उपयोग शून्य, रक्तात औषध जायला पाहिजे. ह्या सगळ्यांत कुत्रं लांबून सारखंच दिसतं, केस गेलेलं आणि खाजवणारं. मग कडुलिंबाचं पाणी एकाला लागू पडतं, दुसऱ्याला नाही, आणि गावात दोन तट पडतात, झाडपाला खरा की खोटा म्हणून.

काळीला इंजेक्शन दिलं, चौदा दिवसांनी दुसरं. अंड्यातून नवीन किडे निघत राहतात, एका फटक्यात काम होत नाही. इंजेक्शनचं नाव आणि डोस मी इथे लिहिणार नाही. कमेंटमध्ये विचारू नका. गुरांसाठी आणलेल्या बाटलीतून अंदाजाने कुत्र्याला टोचणारे लोक आहेत आणि कोलीसारख्या काही जातींची कुत्री त्या औषधाने मरतात.

आणि हो, करंजेलही लावलं. डॉक्टरांना विचारून. एक भाग करंजेल, दहा भाग खोबरेल. आधी मानेच्या मागे, जीभ पोहोचणार नाही अशा जागी, थोडंसं लावून एक दिवस वाट पाहिली. मग खपल्यांवर, उघड्या जखमा सोडून. लावल्यावर तासभर कुणीतरी तिच्याजवळ बसायचं, चाटू द्यायचं नाही. ही ड्यूटी रसवंतीवाल्या काकूंनी स्वतःहून घेतली. दोन-तीन दिवसांआड कडुलिंबाचा पाला उकळून, गार करून, त्या पाण्याने अंग पुसायचं. गाभण कुत्रीला आणि लहान पिलांना करंजेल किंवा लिंबोळीचं तेल लावायचं नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं.

किडे इंजेक्शनने मेले. खपल्या तेलाने सुटल्या, खाज पाल्याच्या पाण्याने कमी झाली. श्रेय कुणाला द्यायचं त्यावर भांडायचं असेल तर भांडा, काळीचं काही म्हणणं नाही.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी विचारली, जी आमच्या कुणाच्या डोक्यातच नव्हती. हिला खायला काय मिळतं? काय मिळणार, बिस्किटं. स्टँडवर प्रत्येक जण दयाळू, प्रत्येक जण चहासोबतचं बिस्किट टाकतो. पुण्याचं बिस्किट. केस हा सगळा प्रथिनांचा बनलेला असतो आणि बिस्किटात असतो मैदा, साखर. वर जंत. जे पोटात जातं त्यातलं निम्मं जंत खातात. जंताच्या गोळीला चमक आणणारं औषध म्हणून कुणी बघत नाही, पण कुत्र्याच्या केसांना चकाकी आणायची असेल तर पहिली गोष्ट तीच, आणि दुसरी गोष्ट अंडं. आता खानावळवाला तिला उकडलेलं अंडं आणि मटणाच्या पाण्यात भिजवलेली भाकरी देतो, कांदा-लसणाचा रस्सा घालायचा नाही अशी त्याला ताकीद आहे. घरचं कुत्रं असेल तर आपल्याकडचं जवस आहेच, भाजून, कुटून, चमचाभर. चटणीतलं नव्हे.

आता सार्वजनिक मुद्दा, ज्यासाठी एवढं लांबलचक लिहितोय.

२०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात बारा लाखांहून जास्त भटकी कुत्री मोजली गेली, देशात दीड कोटीहून जास्त. २०२३ च्या नियमांनुसार त्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे, म्हणजे आपल्या गावात नगरपालिकेची. सुप्रीम कोर्टाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात तेच सांगितलं, कुत्री धरा, नसबंदी करा, जंताचं औषध द्या, लस द्या आणि पिसाळलेली किंवा आक्रमक नसतील तर त्याच भागात सोडा. कुत्री धरून टेबलावर घेतल्यावर, शस्त्रक्रियेनंतर काही दिवस ती पिंजऱ्यात असतातच. त्याच वेळी कान खरवडून बघायला दहा मिनिटं आणि लूत असेल तर एक इंजेक्शन, एवढाच वाढीव खर्च आहे. नवीन योजना नको, नवीन इमारत नको, उद्घाटन तर अजिबात नको. ठेकेदाराच्या कामात एक ओळ वाढवायची. आपल्या नगरपालिकेने मागच्या वेळी काढलेली निविदा मी वाचली. त्यात पकडण्याचा दर आहे, शस्त्रक्रियेचा दर आहे, कानाला खूण करण्याचा उल्लेख आहे. कातडीचा शब्द नाही.

आणि दवाखान्यात आठवड्यातून एक दुपार, बाजाराच्या दिवशी नको, गर्दी असते, पण दुसऱ्या कुठल्याही दिवशी, कुत्र्या-मांजरांच्या कातडीसाठी ठेवावी. सूक्ष्मदर्शक तिथे आहे, मी माझ्या डोळ्याने बघितलाय. नाहीये तो वेळ आणि माणूस. रिक्त पद भरलं तर तोही येईल. ही मागणी जिल्हा परिषदेकडे आहे.

मला माहीत आहे कमेंट काय येणार. 'माणसांना ग्रामीण रुग्णालयात गोळ्या मिळेनात आणि तुम्ही कुत्र्यांचं घेऊन बसलात.' बरोबर आहे, गोळ्या मिळत नाहीत, त्याची बातमी मी गेल्या महिन्यात केली होती, तिला अकरा लाइक होते. पण लूत ही फक्त कुत्र्याची भानगड नाही. स्टँडवर झोपणारे मजूर, भंगार गोळा करणारी पोरं हिवाळ्यात कुत्र्याच्या उबेला झोपतात. त्यांच्या अंगावरची खाज कुठून आली, हे त्यांना कुणी विचारत नाही. आणि चावणाऱ्या कुत्र्यांचा प्रश्न मी नाकारत नाही. माझ्या भाचीला शाळेतून येताना कुत्रं चावलं आहे, पाच सुया घेतल्यात पोरीने. पण रात्रंदिवस खाजणारं, दुखणारं, दगड खाणारं जनावर जास्त चिडतं की निरोगी जनावर, हे सांगायला पशुवैद्य लागत नाही.

गॅरेजच्या पोराने परवा मला दुकानावर बोलावलं. जळक्या ऑइलच्या डब्यावर त्याने खडूने लिहिलंय, 'कुत्र्याला देऊ नये'. म्हणाला, रोज कोणतरी मागायला येतंय, दादा, एक लिटर द्या म्हणून. मी विचारलं, मग काय सांगतोस? म्हणाला, "सांगतो, आधी दवाखान्यात खरवडून आणा."

काळीच्या पाठीवर आता बोटभर नाही, पण खरखरीत असे बारीक केस आलेत. कानाच्या कडा अजून उघड्या आहेत.

येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता मुख्याधिकाऱ्यांना निवेदन द्यायला जातोय. निविदेत कातडीच्या तपासणीची ओळ घालावी, एवढीच मागणी, एका पानाची. सह्या रसवंतीवर सुरू आहेत, काकूंकडे वही आहे. ज्यांच्या घरी जुन्या माणसांकडून कुत्र्या-गुरांच्या कातडीचं काही औषध माहीत असेल त्यांनी तेही त्याच वहीत मागच्या पानांवर लिहावं, काय काय घालायचे, किती घालायचे, कशात खलायचे, कुणाला द्यायचे नाही, सगळं. कृपा करून त्यातलं काहीही लगेच लावायला जाऊ नका. वही आम्ही डॉक्टरांना दाखवणार आहोत. पहिली नोंद माझ्या आईच्या नावाने आहे, करंजेल आणि गंधक. प्रमाणाची जागा कोरी आहे. तिला आठवत नाही, आणि आजोबांना विचारायचं राहून गेलं.